सोळा कुठून आले

“हे सोळा कुठून आले?” परीक्षकाने विचारलं, तेव्हा तिने फळ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू ते सोळा तिच्या मागे दुसरंच कुणी लिहून गेलं असावं. खडू तिच्याच हातात होता. बोटं पांढरी झाली होती, बाहीलाही लागलं होतं. म्हणजे लिहिलं तिनेच होतं. तोंडी परीक्षेची खोली लहान होती, खिडकी उघडी होती, खाली कुणीतरी सायकल स्टँडला लावत होतं त्याचा खडखडाट वर येत होता. परीक्षक पेन टोपणात घालत होता, काढत होता, पुन्हा घालत होता. वयाने तिच्या लेकीपेक्षा फार तर थोडा मोठा असेल. त्याच्या विचारण्यात खोच नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. “तिथे सोळाच असतात,” ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात, नोकरीत, आजारपणात ती इतकं मूर्खासारखं काही बोलली नव्हती. निदान मोठ्याने तरी नाही.

प्रश्न तसा सोपा होता, कणभौतिकीच्या पहिल्या पुस्तकातल्या पहिल्या प्रकरणांत असतो तसा. एक प्रोटॉन जागेवर उभा आहे. दुसरा वेगाने येऊन त्याच्यावर आदळतो. या टकरीतून पायॉन नावाचा एक हलका कण नव्याने जन्माला यायचा असेल, तर येणाऱ्याने कमीत कमी किती ऊर्जा घेऊन यावं? घरी सोडवलेला जो नमुना होता त्यात पायॉन नव्हता, प्रतिप्रोटॉन होता, म्हणजे प्रोटॉनचा उलट्या भाराचा जुळा. तिथे टकरीनंतर प्रोटॉनच्याच वजनाचे चार कण उरतात. चाराचा वर्ग सोळा, म्हणून उजव्या बाजूला सोळा. इथे उरतात दोन प्रोटॉन आणि एक चिमुकला पायॉन, प्रोटॉनच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा. सोळांना इथे काही काम नव्हतं. पण तिच्या हाताला ती जागा पाठ होती. बरोबरच्या चिन्हापुढे सोळा यायचे, ते आले. पुढचंही सगळं सुरळीत आलं आणि शेवटी उत्तर आलं, प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या सहापट. एवढ्याशा पायॉनसाठी सहा प्रोटॉनांएवढा खर्च. तिने उत्तराखाली ऐटीत दोन रेघा ओढल्या होत्या.

दोन रेघा ओढायची पद्धत सरांची. सर म्हणजे तिचा नवरा. सगळे त्यांना सर म्हणायचे आणि तीही म्हणायची, मनातल्या मनातसुद्धा, कारण लग्नाआधी ती त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर बसायची. लग्न ठरलं तेव्हा ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. ते वर्ष राहून गेलं ते राहूनच गेलं. मग लेक झाली, मग लेक शाळेत जायला लागल्यावर तिने रुग्णालयातल्या किरणोपचाराच्या यंत्रावर काम करायचं शिक्षण घेतलं, नोकरी धरली, आणि आता केस पांढरे व्हायला लागल्यावर ती राहिलेलं वर्ष पुरं करायला बसली होती. एकेक विषय सुटत गेला. हा शेवटचा. सर त्याच सुमाराला निवृत्त झाले, आणि सगळ्यांनी म्हटलं, काय योग आहे पाहा. घरातच गंगा.

रोज सकाळी तिच्या कामावर जाण्याआधी सर एक उदाहरण पूर्ण सोडवून ठेवायचे. कोऱ्या कागदावर, सुवाच्य अक्षरात, प्रत्येक पायरीच्या पुढे कारण लिहून. कुठेही “यावरून उघड आहे की” असं लिहून पायरी गाळलेली नसे. छापील पुस्तकं चालूगिरी करतात, असं ते म्हणायचे. सुरुवात नेहमी “समजा” या शब्दाने. समजा, दोन्ही कणांची मिळून ऊर्जा इतकी आहे. समजा, आपण टकरीच्या मध्यबिंदूवर बसून पाहतो आहोत. मग ती एका जाड पुठ्ठ्याने कागद झाकायची आणि पुठ्ठा एकेक ओळ खाली सरकवायची. “पुढची ओळ काय येईल?” सर विचारायचे. ती सांगायची. पुठ्ठा सरकायचा, खाली तेच असायचं. त्यात एक वेगळंच सुख होतं, हे तिला कबूल करावंच लागलं असतं. चाळिशी उलटलेल्या बाईला सकाळच्या पारी ओळीमागून ओळ बरोबर येत होती, खिडकीतून ऊन टेबलावर येत होतं, आणि समोर बसलेला माणूस कौतुकाने मान हलवत होता. शेवटी ते म्हणायचे, “समजलं?” आणि तिला समजलेलं असायचंच. अगदी मनापासून. फक्त पहिली ओळ तिला कधीच सांगावी लागली नाही. ती झाकलेली नसायचीच. एकूण ऊर्जेच्या वर्गातून एकूण संवेगाचा वर्ग वजा केला की जे उरतं ते कुठूनही पाहिलं तरी तेवढंच राहतं, हे तिला तोंडपाठ होतं. पण समोर नुसता प्रश्न असताना, हेच इथे घ्यायचं आणि दुसरं काही नाही, हे कसं सुचतं? ते कुणाला सुचतं? सरांना. सरांना सुचायचं आणि मग जगात सगळं सोपं व्हायचं.

सरांचं असं होतं की समोरचा माणूस गप्प बसलेला त्यांना बघवत नसे. वर्गात म्हणे त्यांची कीर्तीच ती होती, सर कुणाला अडू देत नाहीत. तिची पेन्सिल कागदावर थबकली की सर दोन श्वास थांबायचे. फार तर तीन. मग टेबलाच्या पलीकडून त्यांचं बोट यायचं आणि नेमक्या जागी टेकायचं. “इथे बघ.” त्या बोटाला नख नीट कापलेलं असायचं, त्याच्यात राग नसायचा, घाई नसायची, निव्वळ माया. औषधाच्या बाटलीचं झाकण तिच्या हातात फिरलं नाही की बाटली त्यांच्या हातात गेलेली असायची. डॉक्टरने तिला विचारावं, कुठे दुखतं, आणि सरांनी सांगावं, डाव्या बाजूला, चढताना जास्त. बरोबरच असायचं ते. डाव्या बाजूलाच दुखायचं. बोलता बोलता तिला एखादा शब्द आठवेना झाला की सर तो पुरवायचे, आणि तिला कधी कधी वाटायचं की आपल्याला दुसराच शब्द हवा होता, पण तो कोणता हे आता कळायची सोय राहिली नाही. लेक लहानपणी भांडायची. “बाबा, मला करू द्या ना,” म्हणून पेन्सिल छातीशी धरून पलंगाखाली जाऊन बसायची आणि तिथे अंधारात चुकीची गणितं सोडवायची. तेव्हा तिने लेकीला रागे भरलं होतं. बाबा एवढा वेळ देतात आणि तुला किंमत नाही. लेकीने पुढे गणिताचं नावच टाकलं आणि लांबच्या शहरात जाऊन लाकडाचं सामान बनवायला लागली. टेबलं चांगली बनवते. एखादा पाय लंगडा झाला तर पुन्हा करते, कुणाला सांगत नाही. आणि तिची स्वतःची तक्रार तरी काय होती? नवरा फार मदत करतो. ही तक्रार घेऊन माणूस जाणार कुणाकडे? बहीण म्हणाली असती, देव देतो आणि कुणाला कुठे दुखतं बघ.

परीक्षक उठला. फळ्याजवळ आला, दोन रेघांकडे पाहिलं, मग वरच्या कोपऱ्यात तिने काढलेल्या आकृतीकडे, थांबलेल्या प्रोटॉनभोवती काढलेल्या छोट्या चौकटीकडे. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. “ही चौकट,” तो म्हणाला, “ही तर आमच्या सरांची. तुम्ही सरांच्या...?” तिने मान हलवली. इतका वेळ तो मॅडम म्हणत होता, आता ती काकू झाली. “काकू, आधी नाही का सांगायचं! सर कसे आहेत? मीही अजून अशीच चौकट काढतो, पोरं हसतात मला.” बोलता बोलता त्याने तिचं सगळं लिखाण पुसलं आणि पहिली ओळ स्वतः लिहिली. मग दुसरी. खडू तिच्या हातातून त्याच्या हातात कधी गेला ते तिला कळलं नाही. हेही तो सरांकडूनच शिकला असणार. “बघा, सोळाच्या जागी हे. किती सोपं आहे. तुम्हाला येतंच आहे, जरा गडबड झाली.”

“मला येत नाही,” ती म्हणाली.

“येतं हो काकू. फळ्यासमोर सगळेच घाबरतात.”

“मी घाबरले नव्हते. सोळा कुठून आले ते तुम्ही आत्ता लिहिलंत म्हणून कळलं. माझं मला कधीच कळलं नसतं. मला नापास करा. मी पुन्हा बसेन.”

त्याला ती थट्टा वाटली. मग थट्टा नाही हे लक्षात आल्यावर तो ओशाळला, जसं काही तिने त्याच्याकडे भलतंच काही मागितलं होतं. “लेखीत तुम्हाला उत्तम गुण आहेत,” तो समजावणीच्या सुरात म्हणाला. “आणि तुम्हाला नापास करून मी सरांना काय तोंड दाखवू?” लेखीत प्रतिप्रोटॉनच आला होता. तो जसाच्या तसा आला, याचा तिला त्या दिवशी केवढा आनंद झाला होता. त्याने सही केली आणि दारापर्यंत सोडायला आला. “सरांना नमस्कार सांगा,” म्हणाला.

जिन्यावरून उतरताना तिला हसू फुटलं. साधं नापास होणंही आपल्या वाट्याला येऊ नये. ती बसमध्ये बसली आणि काचेला डोकं टेकवून, कुणी विचारलं नसताना, पुन्हा त्या सहापटीपाशी गेली. तिला रुग्णालयातल्या हिशेबाच्या खोलीची आठवण झाली. ती ज्या खोलीत काम करायची तिथे यंत्र होतं, अरुंद टेबल होतं, भिंतीतून येणाऱ्या प्रकाशाच्या बारीक रेषा होत्या. रोगी माणसाला टेबलावर निजवायचं, त्याच्या कातडीवर शाईने काढलेल्या खुणा त्या रेषांशी जुळवायच्या, आपला हात थंड असेल तर आधी चोळून घ्यायचा, मग बाहेर येऊन जाड दार लावायचं आणि कळ दाबायची. किती किरण, कोणत्या बाजूने, किती वेळ, हे शेजारच्या त्या खोलीतून ठरून यायचं. तिथे दशांशकाका बसायचे. हे नाव यंत्रावरच्या मुलींनी पाडलेलं. त्यांच्या तोंडात सदा दशांशचिन्ह. ते आता जाणार होते आणि त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, पदवी तेवढी पुरी कर, ही खुर्ची तुझी. तिच्याइतके रोगी कुणी जवळून पाहिले नाहीत, असं त्यांनी वरच्यांना पटवलं होतं. त्या खुर्चीची तिला हाव होती. का असू नये? आयुष्यभर कुणीतरी ठरवलेलं तिने कळ दाबून पार पाडलं होतं.

पण दशांशकाकांनी एक गोष्ट सांगितली होती. फार पूर्वी, ते नवे असताना, एका रोगी बाईच्या किरणांचा हिशेब त्यांच्याकडे सहीला आला. पायऱ्या सगळ्या बरोबर होत्या, कुठे खोट काढायला जागा नव्हती, आणि तरी शेवटचा आकडा बघून त्यांच्या पोटात गोळा आला. का ते कळेना. त्यांनी सही केली नाही, सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या, दुपारभर बसून राहिले आणि मग सापडलं. आदल्या रोग्याच्या हिशेबातला एक आकडा जागच्या जागी राहून गेला होता. “पायऱ्या कुणालाही येतात गं,” ते म्हणाले होते. “आकडा बघून पोटात गोळा आला पाहिजे. इथे मागच्या पानावर उत्तरं नसतात.” तेव्हा तिने समजुतीने मान डोलावली होती. समजलं, म्हणाली होती. आणि आज पायॉनसाठी सहा प्रोटॉन मोजून तिने खाली दोन रेघा ओढल्या, आणि पोटात काही झालं नाही. उलट बरं वाटलं होतं. बसमध्ये आता मात्र तिच्या पोटात गोळा आला. तो आकड्याचा नव्हता, स्वतःचा होता, आणि त्याचा कुणा रोग्याला काही उपयोग नव्हता. उद्या टेबलावर निजलेली बाई वर छताकडे बघत असेल, तिला वाटत असेल की शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला कळतंय.

बस सिग्नलला थांबली. समोरून येणारी दुसरी बसही थांबली, आणि तिला आपोआप सुचलं की दोन्ही प्रोटॉन समोरासमोरून सारख्याच वेगाने आले असते तर प्रतिप्रोटॉनला एवढा खर्च आलाच नसता. सगळं मिळून दोनच पुरले असते. एक जागचा हलत नाही म्हणून दुसऱ्याला सहा आणावे लागतात, आणि त्यातले चार नुसते पुढे धावण्यात जातात, त्यातून नवं काही होत नाही. तिने मनात तपासून पाहिलं. बरोबर होतं. हे सरांच्या कागदावर नव्हतं. निदान नसावं. की होतं? खाली समासात, बारीक अक्षरात, “यावरून हेही लक्षात घे” असं काही? तिला आठवेना. तिने खूप ताण दिला तरी आठवेना, आणि जो एक क्षणभर आपला वाटला होता तो विचारही तिच्या हातून गेला. आता तो कुणाचाही असू शकत होता. आपल्या डोक्यात आपलं म्हणून जे काही आहे ते या माणसाने एक दिवस सकाळी ठेवून दिलेलं असेल, असं तिला वाटलं आणि तिला त्या क्षणी सरांचा इतका राग आला की शेजारी बसलेल्या बाईने जरा सरकून घेतलं.

दार सरांनीच उघडलं. बेल वाजायच्या आधी. चहा झाकून ठेवलेला होता. टेबल आवरलेलं होतं, जरा जास्तच. निवृत्त झाल्यापासून सरांचा फोन वाजेनासा झाला होता. पहिल्या वर्षी विद्यार्थी यायचे, मग नमस्काराचे निरोप यायला लागले, मग तेही नाही. सकाळी ते लौकर उठून तिच्यासाठी कागद लिहायचे आणि दिवसभर, ती कामावर असताना, काय करायचे हे तिने कधी विचारलं नव्हतं. त्यांनी तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली. “काय विचारलं?” ते म्हणाले. कसं झालं हे नाही, काय विचारलं.

“नापास झाले,” ती म्हणाली.

हे तिने ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि मग ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आधी वाईट वाटल्याची एक रेघ त्यावरून गेली, ती खोटी नव्हती. पण ती गेली आणि तिच्या मागून दुसरंच काही आलं. सर उजळले. त्यांच्या पाठीचा बाक गेला. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली, स्वतःची जवळ घेतली, चष्मा शोधला, कपाटातून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला. “काही बिघडत नाही,” ते म्हणत होते, आणि आवाज वर्गातला होता, भरलेल्या वर्गातला. “अगं, काहीच बिघडत नाही. सहा महिने आहेत हातात. मला वाटतच होतं, टकरींचा भाग आपण घाईत उरकला. आता अगदी पहिल्यापासून घेऊ. रोज सकाळी आणि तू आल्यावर संध्याकाळीही बसू. बोल, कुठे अडलीस?” पेन उघडून ते तिच्याकडे बघत होते. इतक्या प्रेमाने त्यांनी तिच्याकडे कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

तिला वाटलं, असंच राहू द्यावं. सहा महिने काय, सहा वर्षं. या माणसाला दुसरं काय येतं? दया आली, आणि दयेच्या पाठोपाठ, तिच्याहून मोठा, तो बसमधला राग आला.

“नाही,” ती म्हणाली. “चेष्टा केली. पास झाले मी. तुमचाच विद्यार्थी होता, नमस्कार सांगितलाय त्याने.”

सरांच्या हातातलं पेन थांबलं. “अरे वा,” ते म्हणाले. कुणी गेल्याची बातमी ऐकून माणूस बोलतो त्या आवाजात म्हणाले. “वा, वा. अभिनंदन.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. कागदांचा गठ्ठा टेबलावर दोनदा आपटून कडा सारख्या केल्या, जरा वेळ तो तसाच धरून ठेवला. “म्हणजे आता काही राहिलं नाही,” ते म्हणाले, आणि तिने हो म्हटलं. आज पहिल्यांदाच सर गप्प बसले होते आणि मधे काही बोलत नव्हते. चहावर साय धरली होती. मग, हळूहळू, त्यांच्या डोळ्यांत काहीतरी परत यायला लागलं. “तुझी ती खुर्ची,” ते म्हणाले. “हिशेबाच्या खोलीतली. तिथे नवीन नवीन अडणारच. अगदी साहजिक आहे. काही अडलं तर लाजू नको. घरी घेऊन ये, आपण बसून सोडवू.”

नाही म्हणायचं होतं. शब्द तोंडात तयार होता, आणि या वेळी तो शोधावाही लागला नव्हता. छताकडे बघणारी ती बाई तिला दिसत होती, तिचा कागद या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी, आणि सरांचं बोट नेमक्या जागी. ते बोट बरोबर जागी टेकलं असतं यात तिला शंका नव्हती. आपलं कुठे टेकलं असतं हे तिला माहीत नव्हतं. सर उत्तराची वाट बघत होते, दोन श्वास, तीन.

“आणेन,” ती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती.